नवीन टायर टाकल्यापासून बाईकचं हँडल ६० च्या वेगाला थरथरतं, कोनसेट बदलू का?

तुम्ही लिहिलंय की गाडी १५० सीसीची, पाच वर्षं जुनी. महिन्यापूर्वी पुढचा टायर बदलला आणि तेव्हापासून सातारा-कराड रोडला ५५ ते ६५ च्या दरम्यान हँडल थरथरतं, ७५ च्या पुढं गेलं की थांबतं. गॅरेजवाल्यानं हँडल दोनदा हलवून बघितलं आणि कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते वाट्या-छर्ऱ्यांचं बेअरिंग, गेला म्हणून सांगितलं.

इतक्यात कोनसेट उघडू देऊ नका. महिन्यापूर्वीपर्यंत बरा चाललेला कोनसेट नेमका टायर बदलला त्याच दिवशी जातो, हे मला पटत नाही. मी मेकॅनिक नाही. नागठाण्याहून साताऱ्याच्या एमआयडीसीत रोजची ये-जा दुचाकीवर, त्यामुळं टायर बरेच झिजवलेत, आणि तुम्ही आता करायला निघालाय ती चूक एकदा पैसे मोजून केलेली आहे.

गणपतीच्या आधी हायवेकडेच्या एका दुकानात पुढचा टायर बदलला होता. गर्दी होती, पोरानं दहा मिनिटांत चाक बसवून दिलं. तिसऱ्या दिवशी उंब्रजच्या अलीकडं हेल्मेटची काच खाली करायला डावा हात सोडला आणि हँडल असं फडफडायला लागलं की मागं बसलेल्या बायकोनं आधी माझा शर्ट धरला आणि मग देवाचं नाव. दोन्ही हातांनी धरलं की थांबायचं, म्हणून तशीच महिनाभर चालवली. मग कोनसेट बदलला. पुढच्या शॉकअपचं ऑइल आणि सीलही बदलली, म्हटलं उघडलंच आहे तर. फरक शून्य.

पुढं एकदा मागच्या चाकाचं पंक्चर काढायला एका म्हाताऱ्या पंक्चरवाल्याकडं थांबलो होतो. सोल्युशन वाळेपर्यंत त्यानं उगाच पुढचं चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला, "टायर बसलाच न्हाई की ओ ह्यो." पुढची हवा सोडली, टायरच्या कडेला साबणाचं पाणी सोडलं, हवा चाळिशीच्या आसपास नेली, टप्प असा आवाज आला. मग परत २५ वर आणली. पंक्चरचे पैसे घेतले, ह्याचे घेतले नाहीत. त्या दिवसापासून थरथर गेली.

त्यानं काय बघितलं ते तुम्हालाही दोन मिनिटांत बघता येईल. टायरच्या बगलेवर, रिमला लागून, एक बारीक उठावाची रेष चाकाभोवती गोल जाते. रिमच्या कडेपासून तिचं अंतर सगळीकडं सारखं पाहिजे. एखाद्या वीतभर भागात ती रेष रिममध्ये बुडाल्यासारखी दिसली तर टायर तिथं आत दबून राहिलाय, पूर्ण बसलेला नाही. चाक गोल दिसतं पण गोल नसतं. दोन्ही बाजूंनी बघा, माझी डावी बाजू अगदी व्यवस्थित होती. टायर कोरडाच चढवला, किंवा रिमच्या कडेवरचा गंज आणि जुनं चिकटलेलं रबर न खरवडता चढवला, की असं होतं. बसवताना टायरच्या बगलेवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर मात्र जायचं नाही. नाही बसला तर हवा सोडून पुन्हा साबण लावायचा, मशीन चालू ठेवून वाट बघत बसायचं नाही.

आता तुमच्या गाडीकडं येऊ. पहिला प्रश्न, हलतंय कुठं? हातात की बुडाखाली? हँडल झपाझप थरथरत असेल तर बहुतेक वेळा दोष पुढच्या चाकात. सीट संथ डुलत असेल, गाडी मागून कुणी ढकलल्यासारखी झुलत असेल, तर मागच्या चाकाकडं बघायचं. तुमचं वर्णन पुढचं आहे.

मग हवा. हसू नका. आपल्याकडं पंक्चरच्या दुकानात पुढच्या चाकात पण सवयीनं ३५-४० मारतात, आणि कॉम्प्रेसरचा काटा कधी खाली पडलाय आणि कधी ट्रकच्या चाकाखाली गेलाय ते त्यालाच माहीत. १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढं २५, मागं एकट्याला २८ आणि डबलसीटला ३२ पीएसआय असा हिशेब असतो, तुमच्या गाडीचा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत मिळेल. सकाळी गाडी काढायच्या आधी, टायर गार असताना मोजा, आणि स्वतःचा छोटा गेज विकत घ्या. पुढं हवा कमी असली की वेग कमी करताना हँडल थरथरतं आणि वळणाला जड लागतं. मागं कमी असली की गाडी डुलते, तेव्हा मागच्या टायरमध्ये खिळा अडकून हळूहळू हवा जात नाही ना तेही बघा.

हवा बरोबर असून थरथर राहिली तर गाडी डबल स्टँडला लावा आणि घरातल्या कुणाला तरी मागून कॅरियर दाबून धरायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. शॉकअपच्या नळीला रबरबँडनं पेन्सिल बांधा, तिचं टोक रिमच्या कडेपासून दोन मिलिमीटरवर ठेवा आणि चाक हातानं फिरवा. मग तीच पेन्सिल टायरजवळ नेऊन पुन्हा फिरवा. सगळं उत्तर ह्या फरकात आहे. रिम स्थिर आणि टायरच जवळ-लांब होत असेल, तर टायर नीट बसलेला नाही किंवा टायरच वाकडा आहे. रिमच जवळ-लांब होत असेल तर रिम आउट, म्हणजे वाकडी, आहे. मॅन्युअलमध्ये साधारण २ मिमीपर्यंत आउट चालवून घेतात, त्याच्या पुढं नाही. तारांचं चाक असेल तर प्रत्येक तारेवर पान्ह्यानं हलकं वाजवा. ताठ तार टिंग वाजते, सैल तार ठस्स. आउट काढणाऱ्या जाणत्या माणसाकडं द्या, स्वतः तारा पिळत बसू नका. मी बसलो होतो, चाक अंड्यासारखं झालं.

टायर फिरताना बगलेवर कुठं फुगा दिसला तर मात्र तिथंच थांबा. खड्ड्यात आदळून आतले धागे तुटले की फुगा येतो. त्याला दुरुस्ती नाही, टायर बदलायचा. घरापर्यंत जाऊ दे म्हणून हायवेला नेऊ नका.

रिमही सरळ, टायरही सरळ, रेषही सारखी, आणि तरी थरथर? मग बॅलन्स. चारचाकीचा टायर बदलला की बॅलन्सिंगला लावतात, दुचाकीचा कुणी लावत नाही. ह्याचं गणित मला फार आवडतं, म्हणून सांगतो. तुमच्या पुढच्या चाकाचा घेर जवळपास १.८६ मीटर. ६० च्या वेगाला ते सेकंदाला ९ वेळा फिरतं. रिमच्या एका बाजूला फक्त २० ग्रॅम जास्त असले, तर ह्या वेगाला ते दर फेरीत जवळपास १.४ किलोच्या जोरानं ओढतात, सेकंदाला ९ वेळा. आणि हँडल-चाकाची जोडी मोकळी सोडली तर स्वतःहून थरथरण्याची तिची लयसुद्धा सेकंदाला ४ ते १० च्या घरात असते. नागपंचमीच्या झोक्याला नेमका परत येताना कुणी धक्का देत राहिलं तर काय होतं? तेच. ७५ ला चाक सेकंदाला ११ वेळा फिरतं, धक्का झोक्याच्या पुढं निघून जातो, थरथर बंद. म्हणजे तुमचं '५५ ते ६५' हेच चाकाचा संशय घट्ट करणारं आहे.

बॅलन्स घरी बघता येतो. चाक काढा, एक्सल आत घाला, दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर एक्सलची टोकं ठेवा, डिस्क किंवा ड्रमची प्लेट कुठं घासू देऊ नका. चाक हलकं फिरवून सोडा. दर वेळी तीच जागा खाली येऊन थांबत असेल तर ती जड बाजू. तिच्या बरोबर समोर, म्हणजे वरच्या बाजूला, रिम थिनरनं पुसून ५-१० ग्रॅमची चिकटवायची वजनं लावत जा, चाक कुठंही थांबायला लागेपर्यंत. वजनं चारचाकीच्या टायरवाल्याकडं सुटी मिळतात. तारांच्या चाकाला जुने मिस्त्री तारेवर सोल्डरिंगची तार गुंडाळायचे, तेही चालतं. नव्या टायरच्या बगलेवर पिवळा ठिपका असेल तर ती टायरची हलकी बाजू असते, ती व्हॉल्व्हपाशी यायला हवी. तुमची उलट्या बाजूला असेल तर आधी टायर फिरवून बसवा, निम्मं वजन वाचेल. आणि टायरमध्ये पंक्चर बंद करणारं लिक्विड भरलं असेल तर हा सगळा खटाटोप वाया. गाडी उभी असताना ते खाली साचतं आणि प्रत्येक वेळी बॅलन्स नव्यानं बिघडतो.

हे करता करता टायरवर आणखी दोन गोष्टी वाचा. एक, फिरण्याच्या दिशेचा बाण. तो उलटा असेल तर टायर उलटा चढवलाय. दुसरं, डॉटच्या (बगलेवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या) ओळीतले शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर कधी बनला ते. १४२१ असेल तर २०२१ सालचा चौदावा आठवडा. 'नवा' टायर दुकानात चार-पाच वर्षं पडून कडक झालेला असू शकतो, आणि तो बिलावर नवाच असतो.

चाक परत बसवताना एक्सलच्या दोन्ही बाजूंच्या बुश (एक्सलवर चढवायच्या लोखंडी नळ्या) अदलाबदल झाल्या नाहीत ना, नट पूर्ण आवळलाय ना, हे दोनदा बघा. निम्म्या तक्रारी इथंच निघतील असं नाही म्हणत, पण ज्या निघतात त्या धोकादायक असतात.

तुमचा मागचा टायर किती जुना, ते लिहिलेलं नाही. पाच वर्षांत बदललाच नसेल तर त्याच्यावरही हात फिरवा. आपला हायवे सरळ, त्यामुळं मागचा टायर मधूनच झिजून चपटा होतो. सरळ जाताना कळत नाही, यवतेश्वरच्या घाटात गाडी झुकवली की कडेवरून एकदम पडल्यासारखी होते. माझा २२ हजार किलोमीटरला असा झाला होता. पुढं नवा गोल आणि मागं जुना चौकोनी ही जोडी गाडीला अजिबात सहन होत नाही. मागचं पंक्चर काढून चेन ताणताना दोन्हीकडचे खुणांचे आकडे जुळवतात, पण त्या खुणांवर फार विसंबू नका. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून पुढच्या टायरपर्यंत न्या, पुढचा टायर दोन्ही सुतळ्यांच्या बरोबर मधे यायला पाहिजे. आणि मागं मोठा बॉक्स लावला असेल तर तो काढून एक फेरी मारा, पुढचं चाक हलकं झालं की थरथर वाढते.

अजून एक, रस्ता. शेंद्र्याच्या पुढं सहापदरीकरणाच्या कामात जिथं जुना डांबरी थर खरवडलाय, तिथल्या रेघांवर कुठलीही गाडी सापासारखी चालते. तेवढ्यावर निदान करू नका. पहाटे मोकळ्या, गुळगुळीत पट्ट्यावर बघा. हात सोडून अजिबात नाही, फक्त पकड सैल करून.

चालवताना मोठी थरथर लागली तर घट्ट आवळून हँडलशी कुस्ती करू नका, आवळलं की वाढते. पुढचा ब्रेकही नको. गुडघ्यांनी टाकी दाबा, अंग थोडं पुढं न्या, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा.

कोनसेट कधी? पुढचं चाक उचललेलंच आहे, तर शॉकअपची खालची टोकं धरून पुढं-मागं ओढा. वर 'कट' असं जाणवलं तर तो सैल आहे, आणि पुष्कळदा नुसता आवळून भागतं. हँडल हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडं न्या, बरोबर मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर मात्र त्याच्या वाट्या खरंच गेल्यात, बदला. सैल कोनसेट चाकाच्या बारीक थरथरीला मोठं करतो हेही खरं आहे, म्हणून गॅरेजवाला अगदीच खोटं बोलत नसेल. पण आधी आवळायला सांगा, आणि त्याच्याही आधी पेन्सिल.

डॉटचे चार आकडे, रेष दोन्ही बाजूंना सारखी आहे का, आणि पेन्सिलपासून रिम हलते की टायर, एवढं इथं लिहा. फोटो टाकणार असाल तर बगलेचा टाका, नक्षीचा नको. नव्या टायरची नक्षी सगळ्यांचीच छान दिसते.