स्पिरिटने पुसलेली कात्री निर्जंतुक झाली असं म्हणता येईल का?

नाही, स्पिरिटने बरेचसे जंतू मरतात पण जिवाणूंचे बीजाणू (त्यांची टणक कवचातली सुप्त रूपं) तसेच राहतात, आणि निर्जंतुक म्हणजे बीजाणूंसकट सगळं संपलेलं. कोणत्या वस्तूला किती कडक प्रक्रिया हवी, हे जगभर अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्पॉल्डिंग यांच्या वर्गीकरणावरून ठरतं. आमच्या निर्जंतुकीकरण विभागातही तेच चालतं:

– शरीराच्या आत किंवा रक्तात जाणारं (कात्री, चिमटे): ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र
– आतल्या ओलसर त्वचेला लागणारं (एंडोस्कोप, म्हणजे शरीराच्या आत पाहायची नळी): निदान उच्च पातळीचं डिसइन्फेक्शन, म्हणजे काही बीजाणू सोडून बाकी सगळे जंतू मारणं
– धडधाकट त्वचेला लागणारं (बीपीचा पट्टा): साधं जंतुनाशक पुरतं

पण आधी धुणं, आणि लोक नेमकी इथेच घाई करतात. कात्रीच्या खिळीपाशी वाळलेलं रक्त राहिलं की त्याखाली वाफ पोचत नाही. मग तापमान १२१ अंश असो की १३४, उपयोग नाही. पाती उघडून सांधा ब्रशने घासायचा, आणि कात्री उघडीच पॅक करायची. उष्णता न सोसणारं प्लॅस्टिक मात्र ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका. त्यासाठी एथिलीन ऑक्साइड वायू किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा वापरतात.