देवभाताचे नमुने घेताना

देवभात, म्हणजे रानटी भात, ओळखताना सुरुवात लोंबीपासून नको, जिभलीपासून करा. पान खोडाला जिथे मिळतं तिथला पातळ पापुद्रा लांब आणि टोकदार असेल, तर झाड ओरायझा रुफिपोगॉन किंवा ओरायझा निवारा. आखूड आणि बोथट असेल, तर ऑफिसिनॅलिसच्या गटातलं. पहिल्या दोघांचा जनुकसंच ‘एए’, म्हणजे लागवडीच्या भाताचाच. ऑफिसिनॅलिसचा ‘सीसी’, त्यामुळे त्याचा भाताशी संकर सहज जमत नाही.

निवारा वर्षायू, परागकोष साधारण अडीच मिलिमीटरपर्यंत. रुफिपोगॉन बहुवर्षायू, परागकोष त्याहून बरेच लांब. मोजमाप सकाळी, फुलं उघडलेली असतानाच घ्या. मधल्या मापाची झाडं हमखास भेटतील, विशेषतः भातखाचराच्या बांधावर. ती बहुधा संकरज असतात. त्यांना जबरदस्तीने एका नावात बसवू नका, नोंदवहीत ‘संकर?’ लिहा आणि शेतापासूनचं अंतर टिपा.

नवशिक्यांची मोठी चूक इथे होते: रुफिपोगॉन पाण्यात खोडाच्या पेरांना मुळं फुटून पसरतो. एकाच तळ्यातले जवळजवळचे वीस फुटवे म्हणजे कदाचित एकच झाड, आणि विविधता खोटीच कमी दिसते. दोन नमुन्यांत काही मीटर अंतर ठेवा. डीएनएसाठी कोवळं पान, त्याच्या वजनाच्या दहापट सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणारे खडे) ठेवा.

दाणे पिकताच गळतात, म्हणून लोंबीला आधीच जाळीची पिशवी बांधा. ताजं बी रुजलं नाही तर मेलं समजू नका. ती सुप्तावस्था असते. वाळलेलं बी ५० अंश सेल्सिअसला पाच-सात दिवस ठेवून मग रुजवा.