मोळ्या मोजायच्या की बुंधे?

प्रश्न: आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागूनच. गॅस घरोघरी आलाय पण सिलिंडर संपला की परत चूल आणि बायकांची सरपणाची चक्कर. जंगल विरळ झालेलं डोळ्यांना दिसतं, सरकारी अहवालात मात्र आहे तेवढंच. जळणापायी किती जंगल जातं हे मोजतात तरी कसं?

उत्तर: तुमचे डोळे बरोबर आहेत आणि अहवालही खोटा नाही, दोघं वेगळी गोष्ट बघतायत. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण सॅटेलाइटवरून बघतं, एक हेक्टरवर दहा टक्के सावली असली की ते जंगल धरलं जातं. 40 ते 70 टक्के सावलीचं जंगल म्हणजे मध्यम दाट, म्हणजे तुमचं रान 65 वरून 42 वर आलं तरी कागदावर ते मध्यम दाटच राहणार. आणि सरपणाने जंगल असंच जातं, एकदम सपाट होत नाही, आज एक फांदी उद्या एक धावडा असं झिजत जातं.

म्हणून मोजणी चुलीपासून करावी लागते. घरात संध्याकाळी लाकडाचा ढीग काट्यावर तोलायचा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत, असं तीन-चार दिवस, मधे नवीन मोळी आली तर तीही तोलून. लाकूड ओलं की वाळलेलं ते लिहायचंच, ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं पाणी असतं. मग विचारायचं की हे आणलं कुठून, आणि इथेच बऱ्याच जणांचं गणित चुकतं बरं का. आपल्याकडे चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या, बांधावरची बाभूळ पण जाते, त्याचा जंगलाशी काय संबंध?

समजा 200 घरं, घरटी रोज 5 किलो, म्हणजे वर्षाला 365 टन. त्यातलं 165 टन शेतातलं निघालं, उरलं 200. चालत जाता येईल तेवढ्या रानात वर्षाला 150 टन लाकूड नव्याने वाढत असेल तर खरी तूट फक्त 50 टनांची. 365 आणि 50 मध्ये केवढा फरक आहे बघा! 1970 च्या दशकात जगभर सरपण संपणार म्हणून जी भाकितं झाली ती याचमुळे फसली, शेतातली झाडं आणि वाळक्या काटक्या कुणी धरल्याच नव्हत्या. 2015 मध्ये आलेल्या एका जागतिक अभ्यासात वाढीपेक्षा जास्त तोडलेल्या सरपणाचा वाटा 27 ते 34 टक्के निघाला, आणि सुधारित चुली वाटून वाचलेल्या कार्बनचं श्रेय विकणाऱ्या, म्हणजे कार्बन क्रेडिटवाल्या प्रकल्पांत मात्र तो कित्येकदा 80 च्या वर धरला जायचा. डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईवर अख्ख्या जंगलाचा आळ घालणं मला म्हणूनच पटत नाही.

पण म्हणून निश्चिंतही राहू नका. वन सर्वेक्षणाच्याच 2019 च्या अहवालात जंगलालगतच्या गावांचं जंगलातलं सरपण वर्षाला साधारण साडेआठ कोटी टन धरलंय आणि त्यात महाराष्ट्र पहिला आहे.

तुमच्या गावापुरतं करायचं तर दहा मीटरची दोरी घ्या, एक टोक एका झाडापाशी धरून दुसरं टोक ताणून गोल फिरवा, साधारण तीन गुंठे होतात. आतले कुऱ्हाडीने तोडलेले बुंधे मोजा, किती बुंध्यांना फुटवे आलेत आणि किती फुटवे गुरांनी खाल्लेत तेही लिहा. गावाच्या कडेपासून आत दर दोनशे पावलांवर असा एक गोल. झाडांवर रंगाची खूण करून ठेवा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी परत मोजता येईल.