‘हरिकेन नाही, नुसते ट्रॉपिकल स्टॉर्म आहे’: ह्यूस्टन आणि 2001 चे ॲलिसन

मुलगा नुकताच ह्यूस्टनला राहायला गेला आहे, तिथल्या सहकाऱ्यांनी त्याला ‘ट्रॉपिकल स्टॉर्मला कोणी घाबरत नाही, हरिकेन आले तर बघू’ असे सांगितले आहे, हे कितपत खरे, आणि असे वादळ मुळात जन्मते कुठे व संपते कसे, असा तुमचा प्रश्न आहे. मी या शहरात 1998 पासून राहतो. तो सल्ला वाऱ्यापुरता ठीक आहे, पाण्याच्या बाबतीत मात्र साफ चुकीचा आहे. त्यासाठी जून 2001 मधल्या ॲलिसनचे उदाहरण पुरेसे आहे, कारण ते वादळ आयुष्यात एकदाही हरिकेन झाले नाही.

आधी नावांचा घोळ दूर करतो. अटलांटिकमधल्या चक्राकार वाऱ्यांचा वेग ताशी 63 किलोमीटरवर गेला की त्या प्रणालीला नाव मिळते आणि ती ट्रॉपिकल स्टॉर्म होते. 119 च्या वर गेला की तिला हरिकेन म्हणतात, आणि पुढच्या पाच श्रेणीही वाऱ्यावरूनच ठरतात. (आपल्याकडे अरबी समुद्रात चक्रीवादळाला नाव देण्याचा उंबरठा जवळपास हाच आहे.) त्या मोजपट्टीत पावसाला जागाच नाही. वादळ किती पाणी ओतेल हे ते किती वेगाने गरगरते यापेक्षा किती सावकाश पुढे सरकते यावर अधिक अवलंबून असते. हवामान अंदाजकर्त्यांचा एक जुना ढोबळ हिशोब आहे: 100 ला वादळाच्या पुढे सरकण्याच्या वेगाने, म्हणजे नॉट्सच्या आकड्याने (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) भागायचे, की साधारण किती इंच पाऊस पडू शकतो ते कळते. दहा नॉट्सने निघून जाणारे वादळ दहा इंच देईल, पाच नॉट्सने रेंगाळणारे वीस. आणि जागीच थांबले तर हा भागाकार करण्यात अर्थ उरत नाही.

ॲलिसनचे मूळ अमेरिकेजवळ नव्हते. उन्हाळ्यात आफ्रिकेवरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वातावरणातल्या लाटा एकामागून एक अटलांटिकवर उतरतात. त्यांतल्या बहुतेक काहीच न करता विरून जातात. 21 मे 2001 ला आफ्रिकेचा किनारा सोडलेली अशीच एक लाट महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागावरून कॅरिबियनमध्ये आली, तिथून चक्क पॅसिफिकमध्ये शिरली, आणि मग मेक्सिकोचा चिंचोळा दक्षिण भाग ओलांडून मेक्सिकोच्या आखातात उतरली. अशा लाटेचे वादळ व्हायला साधारण 26 अंश सेल्सिअसहून उबदार आणि पुरेशा खोलीपर्यंत उबदार असलेले पाणी लागते, भोवताली दमट हवा लागते, आणि खालच्या व वरच्या थरांतल्या वाऱ्यांमध्ये फार तफावत चालत नाही, कारण तशी तफावत असली की वाढणारे ढग मधूनच मोडून पडतात. पाण्याची वाफ वर जाऊन तिचे पुन्हा पाणी होताना जी उष्णता सुटते तीच वादळाचे इंधन असते. ती हवा आणखी वर ढकलते, खालचा दाब आणखी उतरतो, आणि भोवतालचे वारे आत ओढले जाऊन पृथ्वीच्या फिरण्यामुळे चक्राकार वळतात.

5 जूनला, मंगळवारी, टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या गॅल्व्हेस्टनच्या दक्षिणेला समुद्रात त्याला नाव मिळाले, आणि त्याच दिवशी दुपारी फ्रीपोर्टजवळ ते किनाऱ्याला लागले. बारसे आणि आगमन यांत जेमतेम काही तास गेले, म्हणजे तयारीला वेळ असा मिळालाच नाही. त्याचा सर्वांत जास्त वेग ताशी 95 किलोमीटरच्या आसपास होता. पहिल्या दिवशी चांगला पाऊस झाला, काही रस्ते तुंबले, आणि दुसऱ्या दिवशी ते कमजोर होऊन उत्तरेला लफकिन गावाकडे सरकले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी विषय संपला असे मानले.

जमिनीवर आलेले वादळ मरते, कारण खालचा उबदार पाण्याचा पुरवठा तुटतो. पण ‘मरते’ म्हणजे त्याचा वारा पडतो. पोटात साठलेली आर्द्रता आणि ते चक्र दोन्ही बरेच दिवस टिकू शकतात. ॲलिसनला पुढे ढकलणारे वरचे वारे जवळजवळ थांबले होते आणि उच्च दाबाच्या क्षेत्रांनी त्याची वाट अडवली होती. ते लफकिनजवळ घुटमळले, मग वळसा घालून आल्या वाटेने पुन्हा दक्षिणेकडे, म्हणजे ह्यूस्टनकडे, निघाले. आखात जवळच असल्याने दमट हवा सतत आत ओढली जात होती. त्यात अशा मरगळलेल्या वादळांची एक खोड असते: दिवसा ती विस्कटलेली दिसतात आणि रात्री त्यांच्या गाभ्याजवळ ढग पुन्हा उसळतात. 8 जूनच्या शुक्रवारी संध्याकाळनंतर नेमके तेच झाले. शहराच्या ईशान्येला ग्रीन्स बायू या ओढ्याच्या परिसरात बारा तासांत सुमारे 28 इंच, म्हणजे 700 मिलिमीटरहून जास्त, पाऊस कोसळला. ह्यूस्टन बंदराजवळ त्या वादळाच्या काळात एकूण सुमारे 940 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईकरांना हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 पडला होता. तो मात्र एका दिवसात, आणि त्यामागे चक्रीवादळ नव्हते.

ह्यूस्टन अतिशय सपाट आहे. पाण्याचा निचरा बायूंवर, म्हणजे संथ वाहणाऱ्या ओढ्यांवर, अवलंबून असतो, आणि गटारे भरली की जादा पाणी काही काळ रस्त्यांनी साठवायचे, अशीच इथली रचना आहे. नवीन माणसाला हे ठाऊक नसते. रस्ता ओलांडता येईल असे त्याला वाटते, आणि खोलगट महामार्गाचा पाण्याने भरलेला भाग रात्री अंधारात सपाट रस्त्यासारखाच दिसतो. त्या रात्री महामार्गांवर ट्रक तरंगत होते. ह्यूस्टन ज्यात येते त्या हॅरिस काउंटीत सुमारे 73,000 घरे आणि 95,000 वाहने पाण्यात सापडली.

सर्वांत विदारक चित्र टेक्सास मेडिकल सेंटरचे होते. जगातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय संकुलांपैकी हे एक, आणि त्याच्या इमारती तळघरांनी व बोगद्यांनी जोडलेल्या. वीजपुरवठ्याची महत्त्वाची सामग्रीही तळाशी होती. पाणी आत शिरल्यावर मेमोरियल हर्मन रुग्णालय अंधारात गेले, पाचशेहून जास्त रुग्ण हलवावे लागले, त्यांतल्या कित्येकांना जिन्यावरून हातांनी उचलून खाली आणले. तळघरांतल्या प्रयोगशाळांमध्ये हजारो प्राणी बुडाले आणि कित्येकांचे अनेक वर्षांचे संशोधन त्यांच्यासोबत गेले. शहराच्या मध्यभागी एका उंच इमारतीत एक स्त्री लिफ्टने खाली गेली आणि पाण्याने भरलेल्या तळघरात अडकून बुडाली. मला या सगळ्यात तीच घटना सर्वांत जास्त आठवते.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. 10 जूनला ॲलिसन पुन्हा समुद्रात शिरले, 11 तारखेला लुइझियानात मॉर्गन सिटीजवळ दुसऱ्यांदा किनाऱ्यावर आले, मिसिसिपीवरून पूर्वेला गेले, नॉर्थ कॅरोलायनात पुन्हा काही दिवस रेंगाळले, पेनसिल्व्हेनियात पूर आणून अटलांटिकवर गेले, आणि थंड हवेच्या प्रणालीत मिसळून संपले. एकूण 41 माणसे दगावली. टेक्सासमध्ये 23, पण फ्लोरिडात 8 आणि पेनसिल्व्हेनियात 7, म्हणजे पहिल्या धडकेपासून शेकडो मैल दूर. नुकसान किमान 5 अब्ज डॉलर.

फार हानी करणाऱ्या वादळाचे नाव यादीतून कायमचे काढून टाकतात. हरिकेन न होता असे ‘निवृत्त’ झालेले अटलांटिकमधले पहिले नाव ॲलिसन. गंमत अशी की हे नाव यादीत आले होतेच मुळी ॲलिशियाच्या जागी. ते 1983 चे हरिकेन, याच किनाऱ्यावर आलेले, तिसऱ्या श्रेणीचे, आणि त्यात 21 माणसे गेली होती. श्रेणी पाहून काळजी करणाऱ्यांनी 21 आणि 41 हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

शहराने त्यातून काही धडे घेतले. हॅरिस काउंटीचे पूररेषेचे नकाशे नव्याने मोजून काढले गेले, आणि मेडिकल सेंटरने जाड जलरोधक दारे बसवली, जी 2017 च्या हार्वे वादळामध्ये बऱ्याच अंशी उपयोगी पडली. बाकी शहर हार्वेत बुडाले ते बुडालेच.

तुमच्या मुलासाठी सांगायचे तर, बातम्यांत वादळाच्या मार्गाचा जो शंकू दाखवतात तो फक्त केंद्र कुठून जाईल याचा अंदाज असतो. पाऊस त्याच्या बराच बाहेर पडतो. त्याने श्रेणी न विचारता ‘पुढे सरकण्याचा वेग किती आणि किती इंच पावसाचा अंदाज आहे’ हे पाहावे. आपले घर कोणत्या बायूच्या खोऱ्यात येते हे काउंटीच्या नकाशावर आजच शोधून ठेवावे, कारण पूर-इशाऱ्याच्या यंत्रणेत पातळी बायूनुसार दिसते. घराच्या किंवा भाडेकरूच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि सरकारी योजनेतला विमा लागू व्हायला साधारण 30 दिवस जावे लागतात, म्हणून वादळाला नाव पडल्यावर धावपळ करून उपयोग नाही. रात्री रस्त्यावर पाणी असेल तर गाडी वळवून परत फिरावे, कारण दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्या उचलते. आणि तो गाडी कुठे लावतो तेही विचारा. 2001 मध्ये माझे घर दुसऱ्या मजल्यावर असल्याने कोरडे राहिले. खाली लावलेल्या गाडीत शनिवारी सकाळी खिडकीच्या काचेपर्यंत पाणी होते.