वेगवेगळ्या वंशांची मुलं एकत्र शिकतात तिथे एकमेकांच्या संस्कृतीची समज वेगळा तास ठेवून शिकवता येते का?

नुसत्या तासाने फारसं साधत नाही. एकमेकांवाचून अडेल असं काम मुलांना एकत्र द्यावं लागतं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली आणि भांडणं पेटली, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी हाच मार्ग काढला. पाच-सहा जणांचा गट, धड्याचे तेवढेच तुकडे, प्रत्येकाकडे एकच, तो त्यानेच बाकीच्यांना समजावून सांगायचा. अडखळत इंग्रजी बोलणाऱ्याची टिंगल केली तर त्याच्याकडचा तुकडा हुकतो आणि परीक्षेत आपलेच गुण जातात, हे पोरांना लवकर कळतं. (वर्षातून एकदा भरणारं सण-पोशाखांचं प्रदर्शन बहुधा देखावाच ठरतं.) मात्र गट शिक्षकांनीच पाडायचे, मुलांवर सोडलं तर ती आपापल्यांतच बसतात.