टर्बो थकला, की हवा तापली? वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं टर्बो पेट्रोलवाल्यांची आहेत. टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा. मे महिन्यात जळगावात बसून दुसरं काय येणार! पारा ४४ च्या पुढे गेला की "भाऊ, गाडी चढावर दम सोडस" हे वाक्य मला रोज ऐकू येतं. फरक एवढाच, की आता लोक तक्रारीसोबत आकडेही पाठवायला लागले आहेत. मला ते फार आवडतं. "पिकअप नाही" याचा अर्थ दहा माणसांचा दहा प्रकारचा असतो, लॉगचा, म्हणजे गाडीच्या सेन्सरांनी नोंदवलेल्या आकड्यांचा, एकच असतो.

प्रश्न : माझी एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी ४८ हजार किलोमीटर चालली आहे. हिवाळ्यात मस्त पळायची. आता दुपारी जळगावला निघालो की ओव्हरटेकच्या वेळी बसते. चेक लाइट नाही. एका गॅरेजने टर्बो बदला म्हणून सांगितलं, दुसरा म्हणतो रीमॅप करा (इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदला). मी ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून मोबाइलवर आकडे दाखवणारा) घेऊन लॉग काढला. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिल्यावर २५०० आरपीएमला मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, किलोपास्कलमध्ये) १६८, टायमिंग (पिस्टन वर पोचण्याआधी किती अंश ठिणगी पडते) ८. ४००० ला मॅप १७०, टायमिंग ३ आणि इनटेकचं तापमान ७१ अंश. टर्बो गेला का? बाकी गाडी एकदम ओरिजिनल आहे, फक्त केळीच्या भागातले किडे आत जाऊ नयेत म्हणून ग्रिलला मागून बारीक जाळी लावली आहे.
— केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : टर्बो गेलेला नाही. तुमच्याच आकड्यांत तसं लिहिलंय. गेलेला टर्बो १७० किलोपास्कल देत नाही, आणि २५०० पासून ४००० पर्यंत तो दाब असा धरूनही ठेवत नाही. आपल्याकडे बाहेरच्या हवेचा दाब ९८-९९ असतो, म्हणजे वरचे ७० टर्बोने कमावलेले आहेत. ज्याने टर्बो बदलायला सांगितलं त्याने बहुधा फक्त गाडी चालवून पाहिली.

आता त्याच ओळीतले बाकीचे दोन आकडे बघा. आरपीएम वाढतं तसं, लोड तेवढाच असेल तर, टायमिंग साधारणपणे पुढे सरकायला हवं, कारण जळायला वेळ कमी मिळतो. तुमचं ८ वरून ३ वर मागे आलंय. कारण शेजारीच आहे: ७१ अंश. इतकी तापलेली हवा दाबली की ठिणगीनंतर, ज्योत पोचण्याआधीच, उरलेलं मिश्रण आपोआप वेडंवाकडं पेटायची भीती असते. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. ते टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतःच टायमिंग मागे घेतो. त्याने इंजिन वाचवलं, तुम्हाला वाटलं टर्बो मेला.

शिवाय दाब तोच असला तरी गरम हवेत माल कमी असतो. ३६ अंशाची हवा आणि ७१ अंशाची हवा एकाच दाबाला घेतली, तर दुसरीत हवा सुमारे दहा टक्के कमी भरते. म्हणजे मार दोन्हीकडून. बूस्टच्या, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या दाबाच्या, काट्यावर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून नुसता बूस्ट बघणाऱ्यांचं माझ्याशी जमत नाही.

यावर खात्री करायची तर पहाटे सहाला तोच रस्ता, तीच दिशा, टाकीतलं तेच पेट्रोल, एसी दुपारी चालू होता तर आताही चालू, आणि तोच तिसरा गिअर. इंजिन मात्र पूर्ण तापलेलं हवं. मॅप तेवढाच आला, इनटेक ४०-४५ पर्यंतच राहिलं आणि टायमिंग पाच-सहा अंश पुढे दिसलं, तर प्रश्न उष्णतेचा. पहाटेही मॅप १४०-१४५ वर अडकला तर मग कुठेतरी हवा फुटतेय. तेव्हा इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा छोटा रेडिएटर) होज आणि क्लॅम्प बघायचे. होजमध्ये थोडा दाब भरून साबणाचं पाणी लावलं की गळती बुडबुड्यांनी सांगते.

लॉग काढताना एक हिशोब लक्षात ठेवा. तुमच्या फाइलमध्ये तब्बल बारा रकाने आहेत. स्वस्त डोंगल गाडीला एकेक गोष्ट विचारतो आणि उत्तर आल्यावर पुढची विचारतो. सेकंदाला दहाएक उत्तरं मिळतात असं धरा. बारा गोष्टी निवडल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला सेकंदाला एकही येत नाही. पूर्ण रेसची ओढ सात-आठ सेकंदांची, त्यात टायमिंगची वाचनं जेमतेम सहा. मधल्या वेळात काय झालं ते कुणाला ठाऊक? म्हणून पहिल्या ओढीला फक्त आरपीएम, मॅप, टायमिंग आणि इनटेक तापमान घ्या. दुसऱ्या ओढीला आरपीएम कायम ठेवून लॅम्बडा (हवा-इंधनाचं प्रमाण) आणि फ्युएल रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणाऱ्या इंधनाचा दाब). वेग, बॅटरीचे व्होल्ट, कूलंट हे सगळं एकाच फाइलमध्ये कोंबू नका. इंजिन सुरू करण्याआधी, चावी नुसती ऑन करून मॅपचं एक वाचन मात्र नक्की घ्या. तो त्या दिवशीचा बाहेरचा दाब.

आणि हे प्रकार सावद्याच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकांमागे करायचे नाहीत. दुभाजक असलेला, रिकामा, सपाट तुकडा शोधा. मोबाइल शेजारच्या माणसाच्या हातात द्या. १८०० पासून ४००० पर्यंतची ओढ मला पुरते. वेग शंभरापुढे जातोय असं दिसलं की पाय उचला. ६००० पर्यंतचा आलेख हवा असेल तर डायनो (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) आहे.

आता जाळी. सगळं पत्र वाचून झाल्यावर ते शेवटचं वाक्य वाचलं आणि मी हसलो. बारीक जाळी नुसती असली तरी हवा अडवते, आणि किडे-धूळ चिकटली की ती जवळजवळ भिंत होते. एसीचा कंडेन्सर पुढे, त्याच्या मागे किंवा खाली इंटरकूलर, आणि सगळ्यांच्या तोंडावर तुमची जाळी. ती आजच काढा. मग बंपर उतरवून इंटरकूलरच्या पाकळ्या बघा आणि मागून पुढे, साध्या नळाच्या धारेने धुवा. सर्व्हिस सेंटरवाला प्रेशर गन लावेल, लावू देऊ नका, पाकळ्या आडव्या होतात. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रकांमागे फिरलेल्या गाड्यांच्या कंडेन्सरमधून मी रुईचा नमदा सोलून काढलेला आहे. काही गाड्यांचा इंटरकूलर पाण्यावर थंड होतो. तुमचा तसा असेल तर त्याचा वेगळा छोटा पंप चालतो का आणि त्याचं कूलंट भरलेलं आहे का, ते आधी तपासा.

एवढं झाल्यावर दुपारचा लॉग पुन्हा काढा. बाहेर ४३ असताना, गाडी चालती असताना, इनटेक ६० च्या आसपास राहिलं तर मी खूश. तरीही टायमिंग मागे येत असेल तर एक टाकी ९५ ऑक्टेनची, म्हणजे नॉकिंगला जास्त दाद न देणाऱ्या पेट्रोलची, भरून बघा. त्याने सुधारलं तर पेट्रोल, नाही सुधारलं तर प्लग. रीमॅपचा विचार त्यानंतर.

प्रश्न : कंपनी म्हणते बूस्ट ०.८ बार. मोबाइलमध्ये १.७८ दिसतो. टर्बो जास्त फुंकतोय का? इंजिन फुटेल का?
— धुळे

उत्तर : नाही. मॅप सेन्सर निर्वात पोकळीपासून मोजतो, म्हणजे बाहेरची हवासुद्धा त्यात धरलेली असते. धुळ्यात ती साधारण ०.९८ बार. १.७८ मधून ती वजा करा, ०.८ उरले. ॲप बूस्ट दाखवताना बरेचदा बाहेरचा दाब समुद्रसपाटीचा धरून वजाबाकी करतं, तिथे थोडी गफलत होते. तोरणमाळला गेलात तर चावी ऑन करून बघा. ११५० मीटर उंचीवर बाहेरचा दाब ८८ च्या घरात आलेला दिसेल. वर तेवढाच मॅप गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, त्यामुळे घाटात इनटेक तापतं तेही याच हिशोबात धरा.

प्रश्न : मी पॉलिटेक्निकला आहे. वडिलांची २०१६ ची टर्बो गाडी आहे. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन कमी-जास्त देतो) +११ दाखवते. गॅरेजवाला म्हणतो ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे आहे, सगळ्यांचंच तसं आहे. खरं आहे का?
— शिरपूर

उत्तर : थोडंसं खरं आहे. निव्वळ पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई१० ला सुमारे १४.१, ई२० ला सुमारे १३.५. ई१० वरून ई२० वर आलं की तेवढ्याच हवेला चार-साडेचार टक्के जास्त इंधन लागतं. ट्रिम तेवढी वर सरकली तर समजू शकतो. उरलेले सहा-सात टक्के इथेनॉलच्या नावावर खपवता येणार नाहीत.

आयडलला ट्रिम बघ, मग २५०० आरपीएम धरून बघ. लाँग टर्म आणि शॉर्ट टर्म यांची बेरीज करायची, एकटा आकडा बघायचा नाही. आयडलला जास्त आणि २५०० ला कमी असेल तर इनटेक मॅनिफोल्डच्या आसपास बाहेरची हवा शिरतेय. पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातल्या वाफा परत इनटेकमध्ये नेणारा) पाइप आधी बघ, आपल्या उन्हात रबर कडक होऊन तडकतं. उलट आयडलला ठीक आणि लोडवर वाढत असेल तर पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर. आणि ट्यूनिंग शिकायचं असेल तर एअर-फ्युएलचा आकडा सोडून दे, लॅम्बडा वाच. सेन्सर तोच मोजतो. १४.७ हे ॲपने केलेलं भाषांतर आहे, आणि ई२० वर ते चुकतं.

प्रश्न : स्टेज वन (पार्ट न बदलता फक्त रीमॅप) करावं का? करणारा म्हणतो, दोन तासांत २५ बीएचपी वाढवून देतो, लॉग-बिग काही लागत नाही.
— चाळीसगाव

उत्तर : लॉग लागत नाही म्हणतो त्याच्याकडे करू नका. एवढंच उत्तर पुरे होतं, पण तुम्ही रोज कन्नड घाट चढता म्हणून दोन गोष्टी सांगतो.

त्याच्याकडची रीमॅपची फाइल कुठे बसवली होती ते विचारा. ९८ ऑक्टेनवर आणि २० अंशांच्या हवेत तयार झालेली फाइल आपल्या पंपावरच्या पेट्रोलवर, मे महिन्यात, घाटात चालवायची म्हणजे ईसीयू सारा वेळ टायमिंग मागे ओढत बसणार. तुम्ही पैसे दिलेली ताकद हिवाळ्याच्या पहाटेच मिळेल. चांगला ट्यूनर आधीचा लॉग मागतो, नंतरचा मागतो, आणि त्यात मागितलेला बूस्ट विरुद्ध मिळालेला बूस्ट, पूर्ण रेसचा लॅम्बडा, रेल प्रेशर आणि प्रत्येक सिलिंडरचं नॉक रिटार्ड (नॉकिंगमुळे मागे घेतलेलं टायमिंग) बघतो. हे शेवटचं तुमच्या साध्या डोंगलवर दिसत नाही. ओबीडीच्या सर्वसामान्य यादीत फक्त टायमिंग असतं. त्यासाठी त्या-त्या कंपनीच्या गाडीचं खास सॉफ्टवेअर लागतं. ट्यूनरकडे ते नसेल तर उठून या. वॉरंटी शिल्लक असेल तर ती गेली असं समजा, आणि विमा कंपनीला न सांगता करू नका.

दुसरं, घाटात चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला पूर्ण रेस दाबून गाडी ओढायची सवय असेल तर ती रीमॅपआधीच सोडा. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांना कमी आरपीएम आणि जास्त लोड हेच सर्वांत महागात पडतं. कधीकधी मिश्रण ठिणगीआधीच पेटतं आणि पिस्टनच्या कडा तुटतात. ऑइलसुद्धा त्यात भर घालतं. २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी या ऑइलच्या दर्जात याची वेगळी चाचणी आहे, डब्यावर ती अक्षरं बघून घ्या. आणि गिअर खाली टाका, फुकट असतं.

प्रश्न : डोंगल कायम लावून ठेवला तर चालेल का?
— भुसावळ

उत्तर : नको. ओबीडीच्या सोळा पिनांपैकी सोळावी थेट बॅटरीवर असते, चावी काढली तरी जिवंत. तुम्ही लिहिलंय की ड्युटीमुळे गाडी आठ-आठ दिवस उभी असते. स्वस्त डोंगल झोपतच नाही, बॅटरी खातो. शिवाय अनेक डोंगलचा पासवर्ड १२३४ असतो, शेजारचं पोरगंही जोडून बघेल. लॉग काढा, फाइल मोबाइलमध्ये आली का ते बघा, आणि डोंगल डिकीत टाका.