बाळाला दुधाची ॲलर्जी आहे का, हे ठरवताना

आधी वही घ्या: काय पाजलं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला. अंगावर गांधी, ओठांना सूज बहुधा दोन तासांच्या आत येते; शीमध्ये रक्त, इसब हे दोन-तीन दिवसांनीही दिसतं. या उशिराच्या प्रकारात रक्ततपासणी सहसा काहीच दाखवत नाही, उगाच सुई.

खरी परीक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली: 2 ते 4 आठवडे गाईचं दूध पूर्ण बंद, मग पुन्हा देऊन पाहणं. हा दुसरा टप्पा बरेच जण गाळतात आणि निदान अर्धवट राहतं. मात्र लगेच गांधी किंवा सूज येत असेल, तर घरी देऊन पाहू नका, ते रुग्णालयातच.

नेहमीच्या चुका:
- अंगावरचं दूध तोडणं. पथ्य आईने करायचं, बिस्किटातल्या दूध पावडरसकट.
- शेळीचं दूध देणं. ॲलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते, आणि ती यात जवळपास तशीच.
- लॅक्टोज-फ्री दूध देणं. त्यात फक्त लॅक्टोज ही दुधातली साखर फोडलेली असते, प्रथिनं राहतात.